दारातली पालथी कळशी

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात चुका असणार. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर तर ओळ सोडून खाली उतरत जातं. ही वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही म्हणून धीर करून लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर हसू नये.

परवा मुलगी म्हणाली, "आई, रस्त्याने चालताना तू बोटांवर काय मोजत असतेस गं? खालच्या काकू विचारत होत्या." मी मोजते हे मलाच माहीत नव्हतं. बघितलं तर अंगठा पेरांवरून फिरत होता. ती सवय माझी नाही. गंगाआत्यांची आहे.

गंगाआत्या म्हणजे माझ्या मिस्टरांच्या सख्ख्या आत्या. कमी वयात नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच राहिल्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या, त्यामुळे घर आत्यांच्या हातात. मिस्टर सकाळी कंपनीत जात ते दिवेलागणीला येत. दिवसभर घरात आम्ही दोघीच. एक न बोलणारी आणि एक सारखी बोलणारी.

मी चांदीप गावची, डोंगराकडची. आमच्याकडेही भातच होतं, पण तिथे पाणी आभाळातून येतं आणि उताराने निघून जातं. सासरचं गाव खाडीच्या काठाला. शेतं इतकी खोलगट, की भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधाला एका जागी, दोन दगडी खांबांच्या मध्ये, वाट ठेवलेली होती. तिला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढायच्या, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आधी फळ्या परत खाचेत घालायच्या आणि फटी चिखलाने लिंपायच्या. नाही घातल्या तर खारं पाणी आत. ते एकदा लागलं की भात करपतं, आणि पुढची दोन वर्षं त्या जमिनीत धड काही येत नाही. प्रत्येक घराची आठ दिवस पाळी असे. आमच्या घरची पाळी आत्या करत.

हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून भाताकडे बघितलं की त्याच्या डोक्यावर खाडी उभी आहे असं वाटे.

आत्या दिसायला ठेंगण्या. तळपाय रुंद, चिखलात चालून बोटं पसरलेली. त्यांना अक्षर येत नव्हतं, घड्याळही कळत नव्हतं. पण भरती कधी येणार ते त्या अंगठ्याने पेरं मोजून सांगत. एक तिथी म्हणजे एक पेर, आणि एक पेर म्हणजे पाऊण तास. बीजेला दीड वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मिस्टर एकदा म्हणाले, "आते, तुला घड्याळ आणतो." तर म्हणाल्या, "आन. पन त्याला चंद्र दिसतो काय?"

काही ठरवायचं असलं की त्या बसत नसत. उठून बांधावर जात, हात मागे बांधून पार टोकापर्यंत चालत, आणि येताना ठरलेलं असे. मला कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची सवय. त्या ओरडत, "ऊठ गो मालते! बसून इचार केला तर नुसती भीती येते. चाल जरा. पाय हलले की डोकं हलतं."

पहिल्या पावसाळ्यात लावणीला माणसं आली. आत्या म्हणाल्या, भाकऱ्या तू कर. कोण किती खातं, कुणाला दोन, कुणाला चार, कोण दुपारी येणार, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि त्या शेतावर गेल्या. मी पीठ समोर घेऊन रडत बसले. काहीतरी विसरल्या म्हणून परत आल्या आणि मला बघितलं. रागावल्या नाहीत. अंगणातल्या शिंपल्या ओंजळभर आणल्या आणि ओटीवर ओतल्या.

"ही हिरा. ही तिची जाव. हा बाबू, चार खातो मेला." एकेक शिंपली त्या मांडत गेल्या आणि जितक्या भाकऱ्या तितके खडे प्रत्येकीपुढे ठेवत गेल्या. "मानसं डोक्यात कशाला बसवतेस? डोकं केवढं नि मानसं केवढी! ओटीवर बसव त्यांना."

मी खडे मोजून भाकऱ्या केल्या. एकही कमी पडली नाही. बाबूला मात्र पाचवी लागली.

त्यांचं सगळं घर असंच होतं. कुणाला काही सांगायचं असलं की पळी दाराच्या चौकटीवर. बाजारातून मीठ आणायचं तर मिस्टरांची एक चप्पल खुंटीला. एकदा मिस्टर तिन्ही खोल्यांतून चप्पल शोधत फिरले आणि शेवटी स्लीपर घालून कंपनीत गेले. संध्याकाळी चिडून आले. आत्या शांत. "मीठ आनलंस का?" "नाही." "मंग चप्पल बरोबर जागी होती."

या सगळ्यात मोठी खूण कळशीची. दाराशी, उंबऱ्याच्या डाव्या हाताला, एक जुनी पितळेची कळशी असे. उघाडीच्या फळ्या काढल्या की आत्या घरी येऊन ती पालथी घालत. फळ्या घातल्या की येऊन सुलटी करत, तोंड वर. आत बाहेर जाताना नजर पडतेच. पालथी आहे म्हणजे उघाडी उघडी आहे. मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "हिला हात लावायचा नाय. पाळीचं मानूस लावील."

मला ती पालथी कळशी बघवत नसे. आमच्या माहेरी घरात कुणी वारलं की भांडं पालथं घालतात. दारातच ते बघितलं की मी नजर फिरवत असे. पण हे मी आत्यांना बोलले नाही. मी कुणालाच काही बोलत नसे.

तिसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ राखीला येणार होता. लग्नानंतर पहिल्यांदाच वहिनीला घेऊन येत होता. आमची पाळी चालू होती. आत्यांनी सकाळी फळ्या काढल्या, कळशी पालथी घातली आणि मला म्हणाल्या, "आज उधान हाय, पानी मोठं चढंल. भरती पाऊन वाजता. मला दामाकाकांकडे जायचंय. तू दहाला फळ्या घाल. जमेल?"

मी मान हलवली. त्याआधी दोन वेळा मी त्यांच्यासमोर घातल्या होत्या.

नऊ वाजता मी अंगण सारवलं, रांगोळी काढली. आणि दारात बघते तर ती कळशी. दादा येणार, वहिनी येणार, आणि पहिली नजर पालथ्या भांड्यावर पडणार. माहेरी जाऊन वहिनी काय सांगेल? माझा हात गेला. मी कळशी उचलली, चिंच आणि राखेने लख्ख घासली, पाणी भरून तोंड वर करून ठेवली, आणि वरून आंब्याचा डहाळा खोवला. मनात म्हटलं, आता लगेच उघाडीवर जाते. तेवढ्यात दादाची हाक आली.

नंतर काय झालं ते मी कितीदा आठवलं आहे. चहा, नारळीभात, वहिनीचं बोलणं. मध्ये एकदा मी पाणी द्यायला बाहेर आले. कळशी तोंड वर करून होती, आणि माझ्या मनाला बरं वाटलं. काम झालं असं वाटलं. आत्या अकराला आल्या, दारात कळशी बघितली आणि त्यांनाही तसंच वाटलं. दादाशी गप्पा मारत जेवायला बसल्या.

दुसरा घास घेतला आणि त्या थांबल्या. तोंड वर करून हुंगलं.

"वारा शेतावरनं येतोय," म्हणाल्या, "नि वास खाडीचा कसा?"

मी दाराकडे बघितलं.

"मालते, फळ्या घातल्यास?"

मला सांगता येईना. लपवत नव्हते. मला खरंच कळत नव्हतं. घातल्या असंही वाटे, नाही घातल्या असंही वाटे. दादा, वहिनी बघत होते.

आत्या उठल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तोंड ऱ्हाऊ दे. हात सांगतील. डोळे मीट. सकाळी काय केलंस ते हातांनी कर."

मी डोळे मिटले. हात पुढे केले. हातांनी आधी अंगण सारवलं. मग रांगोळीची चिमूट. मग दोन्ही हात गोल गोल फिरायला लागले, आतून, बाहेरून. फळी उचलायला हात खांद्याच्या वर न्यावे लागतात. ते वर गेलेच नाहीत.

"हे फळीचं नाय," आत्या हळू म्हणाल्या. "हे कळशीचं."

आणि त्या धावत सुटल्या. साठीच्या बाई, उष्ट्या हाताने.

मी आणि दादा मागोमाग उघाडीवर पोचलो तेव्हा पाणी घोड्यासारखं आत घुसत होतं. मला पाण्याची इतकी भीती, की माझे पाय बांधावरच चिकटले. आत्यांनी एक फळी खाचेत घातली, ती पाण्याने भिरकावून दिली. मला वाटलं होतं त्या मला मारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बांधावरून चालायला लागल्या, दहा पावलं तिकडे, दहा पावलं इकडे. अशा वेळी ही बाई चालते आहे! आणि मग हाका मारल्या. "हिरा! बाबूची आई! या गो समद्या!"

बायका आल्या. आत्यांनी त्यांना आणि मला खाडीच्या बाजूला, उघाडीच्या तोंडावर, हातात हात अडकवून उभं केलं. पाठ पाण्याकडे. "भिंत व्हा," म्हणाल्या. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. एका बाजूने हिराने मला धरलं होतं, दुसऱ्या बाजूने बाबूच्या आईने. मी सोडलं असतं तर सगळ्या वाहून आत गेलो असतो. आमच्या अंगांवर पाणी अडलं, जोर मोडला, तेवढ्यात दादाने आणि आत्यांनी आतल्या बाजूने फळ्या बसवल्या. एक, दोन, पाच. मग चिखल.

मी बांधावर चढून शेतांकडे बघितलं. वरची शेतं वाचली होती. सगळ्यात खालची दोन खाचरं मातकट पाण्याखाली होती. ती हिराची. तेवढीच तिची जमीन. नवरा गवंडीकामाला जाई, कधी काम असे, कधी नसे. ज्या हाताने तिने मला धरलं होतं, तो तिने सोडला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गाव जमलं. मी आत्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा. पाया पडले. त्या म्हणाल्या, "मी तिथं नव्हते. मी सांगितलं तर गोष्ट होईल. झालं काय ते तुलाच ठाऊक."

मी उभी राहिले. समोर सगळी माणसं. तोंडातून शब्द निघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "चांदीपच्या बाईला पानी काय कळनार!" दोघे-तिघे हसले. आत्या आल्या आणि माझ्या हातात चार दगड आणि दोन काटक्या ठेवल्या. "खाली बस. मांड."

मी बसले. दोन दगड खांब, काटक्या फळ्या. इकडे घर. घराशी एक दगड, तो पालथा, ती कळशी. मी तो सुलटा केला. हात चालू झाले तसं तोंड चालू झालं. कळशी का उचलली तेही सांगितलं, माहेरचं सगळं सांगितलं. आधी लांब उभे असलेले लोक वाकून बघायला लागले.

हिरा पुढे आली. "दगड नको मांडूस," म्हणाली, "माजं भात मांड."

मी हात दगडांवरून काढून घेतले.

गावाची रीत होती. ज्याच्या पाळीत पाणी शिरेल, त्याने बुडालेल्या भाताचे पैसे भरायचे, जमीन सुधारेपर्यंत. गावातले जाणते दामाकाका म्हणाले, "गंगाबाय, पाळी तुझ्या घरची." आत्या म्हणाल्या, "व्हय. कळशी माजी, हात हिचे. दोघी भरू." मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या दगडांकडे बघत म्हणाल्या, "चूक माजी पन हाय. मी खून ठेवली एका भांड्यात, नि ती ठाऊक एका घराला. खून दहा जनांत पायजे." बाबूची आई म्हणाली, मग शेजारच्या घराला हाक मारून सांगायचं. दामाकाका म्हणाले, नुसती हाक नको, पलीकडून उत्तर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. बोलत बोलत, त्या माझ्या चार दगडांभोवती बसून, गावाने पाळीची नवी पद्धत ठरवली. तेव्हापासून फळ्या घालणारी बाई "घातल्या गो!" म्हणून ओरडे आणि उघाडीजवळच्या हिराच्या घरातून "ऐकलं!" येई. आमच्या पाळीत मी ओरडले की ते "ऐकलं" हिराची जाव म्हणे. हिरा नाही.

पैसे मिस्टरांच्या पगारातून द्यायचे नाहीत असं आत्यांनी ठरवलं. निर्मळहून पहाटे फुलं आणायची, वेण्या करायच्या आणि आचोळ्याच्या नव्या बिल्डिंगींत दारोदार विकायच्या. मला हे ऐकूनच ताप आला. अनोळखी दार वाजवायचं, अनोळखी बाईशी बोलायचं!

पहिल्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर अर्धा तास उभी होते. बेलवर बोट नेई आणि मागे घेई. आत्या जिन्यात बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "मोकळ्या हातानी उभी ऱ्हाऊ नको. मोकळा हात घाबरतो. ओवत ऱ्हा. तोंडाकडं बगू नको, फुलाकडं बग."

मी टोपलीतून दोरा घेतला. गाठ, फूल, गाठ, फूल. हात चालू असताना कोपराने बेल दाबली. दार उघडलं. गाऊनमधल्या बाई, ऑफिसला निघायच्या घाईत.

"काय गं? वेणी? किती?"

मी फुलांकडे बघत भाव सांगितला.

"महाग आहे. आणि कुणाशी बोलतेस, अबोलीशी?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. दोन वेण्या घेतल्या, आणि उद्या ये म्हणाल्या. जिन्यातून आत्यांनी मला जीभ काढून दाखवली, लहान पोरीसारखी.

दोन वर्षं आम्ही हे केलं. महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन हिराकडे आत्याच जात. मी बांधाशी थांबे. हिराच्या दारात जायला माझे पाय तयार नव्हते. आत्यांनी कधी आग्रह केला नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "माजे पाय काय जन्माला पुरायचे नायत हां."

दुसरं वर्ष संपत आलं तशी त्यांना धाप लागायला लागली. तरी बांधावर जात. शेवटचं बांधावर बघितलं ते असं. मी आचोळ्याहून परत येत होते, ऊन कलतं होतं. आत्या बांधाच्या टोकाला होत्या, हात मागे बांधलेले. थोडं चालत, थांबत, पुन्हा चालत. काहीतरी ठरवत होत्या. मी हाक मारणार होते, पण विचार मोडायला नको म्हणून मारली नाही. काय ठरवत होत्या ते मला कधी कळलं नाही. घरी आल्या, जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वसईला दवाखान्यात नेलं. आमच्या घरची उघाडीची पाळी चालू होती म्हणून मी गेले नाही. तिथून त्या परत आल्या नाहीत.

शेवटचा हप्ता राहिला होता. मिस्टर म्हणाले, मी देऊन येतो. मी हो म्हटलं आणि वेण्यांचे पैसे त्यांच्याकडे दिले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांच्या खिशातून पैसे काढून घेतले आणि मीच निघाले.

हिराचं घर बांधाच्या दुसऱ्या टोकाला. अर्ध्या वाटेत पाय थांबले. ती दारातून हाकलेल, किंवा आत्यांचं नाव काढून काही बोलेल, असं वाटत होतं. मी परत फिरले, पुन्हा वळले. असं दोन-तीन वेळा झालं. मग जी चालले ती तिच्या अंगणात जाऊनच थांबले.

हिरा भात पाखडत होती. तिने बघितलं, सूप थांबवलं नाही.

"म्हातारी यायची," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "आता मी आले."

सूप थांबलं. मी पैसे पुढे केले. तिने पदराला हात पुसले, नोटा घेतल्या, मोजल्या आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"झाले," हिरा म्हणाली. "काही ऱ्हायलं नाय तुझ्याकडं."